आळीची बातमी आणि आळीचे रक्षण

ज्या आळीत मनुष्य राहतो त्या आळीची बातमी त्यास दिल्लीच्या बातमीहून जवळची वाटावी, यात नवल काही नाही. दिल्लीत मंत्रिमंडळ बदलले तरी सकाळचे दूध यावयाचे राहत नाही. परंतु आळीतील पाण्याची नळी फुटली, कोपऱ्यावरील विजेच्या खांबात प्रवाह उतरला किंवा शेजारच्या वाड्यात चोर शिरला, तर त्याचा परिणाम त्याच घटकेस आपल्या उंबरठ्याशी येऊन ठेपतो. पूर्वी ही बातमी ओट्यावर, पाणवठ्यावर, वाण्याच्या दुकानी आणि न्हाव्याच्या खुर्चीपाशी फिरत असे. आता ती प्रत्येकाच्या खिशातील यंत्रात फिरते. जिचा व्हॉट्सॲपवर गट नाही अशी पेठ, गल्ली वा गृहसंस्था आता शोधूनच काढावी लागेल. साधन बदलले हे उघड आहे. सांगणारा आणि ऐकणारा बदलला आहे काय, हा प्रश्न आज आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभीच सांगून टाकणे बरे की, आम्ही आळीच्या बातमीचे वैरी नव्हेत. पोलिसांची संख्या कितीही वाढविली तरी प्रत्येक जिन्यावर शिपाई उभा करता यावयाचा नाही. प्रत्येक जिन्यावर शेजारी मात्र असतो. आग प्रथम त्यास दिसते, गॅसचा वास प्रथम त्यास येतो, एकट्या राहणाऱ्या वृद्धाचे दार आज उघडले नाही हे प्रथम त्याच्याच ध्यानात येते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गाड्या थांबल्या, रस्ते बुडाले, दूरध्वनी मुके झाले. त्या रात्री शहर सावरले ते ज्यांनी अनोळखी माणसांस घरात घेतले, कमरेइतक्या पाण्यात दोर धरून उभे राहिले आणि पुढे खड्डा आहे हे ओरडून सांगितले, त्या सामान्य रहिवाशांनी. ती ओरड म्हणजेच आळीची बातमी होय आणि तिने त्या रात्री माणसे वाचविली.

परंतु त्याच शहरात दोन दिवसांनी, २८ जुलै रोजी, पश्चिम उपनगरातील एका दाट वस्तीत दुसरीच ओरड उठली. कोणी म्हणे धरण फुटले, कोणी म्हणे समुद्र आत आला. लोक अंधारात पळत सुटले आणि अरुंद गल्ल्यांतील चेंगराचेंगरीत स्त्रिया व मुले मृत्युमुखी पडली. धरण फुटले नव्हते, समुद्रही आला नव्हता. आली होती ती केवळ बातमी. हा दोष नव्या यंत्राचा म्हणावा, तर तसेही नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा रुग्णालयात रोग्यांस मारून टाकतात अशी वदंता पसरून गिरणी कामगारांच्या जमावाने ऑक्टोबर महिन्यात आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. तेव्हा हातात यंत्र नव्हते, तोंड मात्र होते. आणि अगदी अलीकडे, २२ जानेवारी २०२५ रोजी, जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठून प्रवाशांनी गाडीतून उड्या टाकल्या व शेजारच्या रुळांवरून येणाऱ्या गाडीखाली दहांहून अधिक माणसे चिरडली गेली. सव्वाशे वर्षांत आपण आगगाडीचा वेग वाढविला. बातमी तपासण्याची आपली चाल मात्र होती तेथेच राहिली.

या सर्व उदाहरणांत लोक घाबरून स्वतःच्या जिवास मुकले, किंवा एखाद्या संस्थेवर चालून गेले. याहून वाईट प्रकार अजून सांगावयाचा आहे. १ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी त्या बाजारी गावात आले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे ही बातमी त्यांच्या आधीच तेथे येऊन बसलेली होती. जमावाने त्या पाचही जणांस ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठार मारले. ज्या कचेरीत गावाने न्याय व व्यवस्था पाहावयाची, तेथेच हा प्रकार घडला. एकही मूल पळविले गेले नव्हते.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीचा इतिहास आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावा. मोटारसायकलीवरून दोघे येतात व रस्त्यात खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसत असे. ती मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांस सावध करण्याकरिता बनविलेली होती. शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा संदेश असलेला फलक दाखवितात, एवढा भाग कोणी तरी कापून टाकला. अशा रीतीने मुलांच्या रक्षणाकरिता तयार केलेली वस्तू निरपराध माणसांचा जीव घेण्याच्या कामी आली. पुढे पाठविणाऱ्या हजारोंपैकी बहुतेकांचा हेतू चांगलाच असला पाहिजे. आम्ही तर म्हणतो की, येथेच खरे भय आहे. दुष्टाच्या हातून फार तर एक खोटी बातमी जन्मास येते. तिला दारोदार पोहोचविण्याचे काम सज्जनच करीत असतात.

आमचे व्यापारी वाचक हुंडीचा व्यवहार जाणतात, किंवा निदान वाडवडिलांकडून ऐकून तरी आहेत. कोणाची सही आहे, कोणत्या पेढीवर लिहिली आहे, मुदत किती आहे, हे पाहिल्यावाचून कोणी हुंडीस हात लावीत नसे. आणि जो तीवर सही करून ती पुढे देई, तो वेळप्रसंगी त्या रकमेस बांधला जाई. आज जो व्यापारी शंभर रुपयांची नोटही उजेडात धरून पाहतो, तोच मनुष्य ज्यावर कोणाची सही नाही, तिथी नाही, गावाचे नाव नाही, असा मजकूर क्षणात दोनशे लोकांस पोहोचवितो आणि खाली लिहितो, ‘जसा आला तसा पाठविला.’ हुंडीच्या व्यवहारात असे कोणी म्हणाला असता तर त्याच्या पेढीवर दुसऱ्या दिवशी कोण चढले असते? बातमी पुढे पाठविणे म्हणजे तिच्यावर आपली सही करणे होय, ही एक गोष्ट मनात ठसली तरी निम्मे काम झाले.

राईनपाड्यात मारले गेले ते कोण, याचा विचार टाळून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. ते सावकाराचे पुत्र नव्हते, कोणाचे पाहुणे नव्हते. ते भटके होते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून कित्येक जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या; सोलापुरासारख्या ठिकाणी त्यांस तारांच्या कुंपणात ठेविले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कायदा कागदावरून पुसला गेला, परंतु त्याने शिकविलेली संशयाची सवय आमच्या मनात राहून गेली. आणि जे भिक्षेकरी त्या यादीत नव्हते त्यांच्याही वाट्यास ती आली. आजही गटावर जी छायाचित्रे ‘संशयित इसम’ म्हणून फिरतात ती पाहावीत. त्यांत भंगार गोळा करणारा असतो, चादरी विकणारा असतो, पालात राहणारी बाई असते. मोटारीतून उतरणाऱ्या अनोळखी गृहस्थाचे छायाचित्र काढण्यास कोणाचा हात धजत नाही. असे असता आपण धोका ओळखतो असे म्हणावे, की दारिद्र्य ओळखतो असे म्हणावे?

यावर कोणी म्हणेल, ‘शंभर इशारे खोटे ठरले तरी चालतील, पण एक खरा चुकता कामा नये. आमच्या मुलांचा प्रश्न आहे.’ हा आक्षेप मायेपोटी आलेला आहे, म्हणून त्यास आदराने उत्तर दिले पाहिजे. पहिले उत्तर असे की, शंभर खोट्या हाकांनंतर एकशे एकावी खरी हाक कोणी ऐकत नाही; लांडग्याची गोष्ट आपण मुलांस सांगतो आणि आपण विसरतो. दुसरे असे की, मुलास खरा धोका कोठून असतो याची आपली समजूतच चुकीची आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचारांची जी प्रकरणे पोलिसांकडे नोंदली जातात त्यांतील बहुतांश प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. तो नातलग असतो, शेजारी असतो, घरी येणारा-जाणारा असतो. आपण वेशीवर पहारा बसवितो आणि चोर माजघरात असतो.

आणि येथेच आळीच्या बातमीतील सर्वांत मोठी उणीव आमच्या नजरेस येते. अनोळखी फेरीवाल्याची वार्ता जी आळी पाच मिनिटांत सर्वत्र करते, तीच आळी भिंतीपलीकडे रात्री बाईस होणारी मारहाण वर्षानुवर्षे ऐकते आणि ब्रही काढीत नाही. विचारावे तर उत्तर मिळते, ‘तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे.’ घराबाहेरच्या परक्याविषयी आपण खोटे बोलावयास तयार, आणि घरातील आपल्या माणसाविषयी खरे बोलावयास तयार नाही; ही कसली नीती? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने चौथ्या कलमात कोणाही मनुष्यास संरक्षण अधिकाऱ्याकडे अशी माहिती देण्याची मुभा दिलेली आहे, व सद्भावनेने माहिती देणारावर कोणतेही दायित्व येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. मुलांच्या बाबतीत २०१२ चा कायदा याहूनही पुढे जातो. लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्ञात असून न कळविणे हाच तेथे गुन्हा आहे. स्त्रियांकरिता १८१ आणि मुलांकरिता १०९८ हे क्रमांक याचसाठी आहेत. एक दूरध्वनी करणे जड वाटत असेल, तर निदान त्या घराची घंटा वाजवून वाटीभर साखर तरी मागावी. आपले ऐकणारे कोणी आहे एवढे कळले तरी पुष्कळदा उगारलेला हात खाली येतो.

आता ज्या धोक्यांची बातमी आळीने खरोखर द्यावी अशांकडे वळू. त्यांत अग्रस्थान अग्नीचे. आमच्या जुन्या पेठांत खाली दुकान, मध्ये वखार व वर बिऱ्हाडे अशी रचना असते. वर-खाली जाण्यास जिना एकच, त्याच्याखाली विजेची मीटरे, आणि जिन्यावर पुठ्ठ्यांचे खोके व दिवाळीचा माल. अलीकडे त्यांत भर म्हणून विजेवर चालणारी दुचाकी रात्रभर त्याच जिन्याखाली भारित होत असते. एखादी ठिणगी पडली तर वरच्या मजल्यावरील कुटुंबाने उतरावे कोठून? आगीत माणसे पुष्कळदा ज्वाळेने नव्हे, तर धुराने मरतात, आणि जिना हा धुरास चढण्याचा राजरस्ता होय. म्हणून आमच्या व्यापारी बंधूंस आमची स्पष्ट विनंती आहे की, जिना हे गोदाम नव्हे हे त्यांनी आजच मान्य करावे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने इमारतीतील अग्निशमन व्यवस्था चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक व भोगवटादारांवर टाकली आहे, आणि ती व्यवस्था सुस्थितीत असल्याचा दाखला अनुज्ञप्तिधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षी जानेवारीत व जुलैत सादर करावयाचा असतो. हा दाखला किती ठिकाणी खरोखर तपासणी होऊन मिळतो, याची चौकशी रहिवाशांनी एकदा करून पाहावी. त्या चौकशीची बातमी गटावर आली तर आम्हांस परमानंद होईल.

स्वयंपाकाच्या गॅसविषयी दोन गोष्टी घरोघरी माहीत असाव्यात. हा वायू हवेहून जड असतो; म्हणून तो गळला की वर न जाता जमिनीलगत साठतो. त्यास मूळचा वास नसतो. गळती कळावी याचसाठी त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. वास येताच दिव्याचे किंवा पंख्याचे बटण दाबू नये, मग ते लावण्यासाठी असो वा बंद करण्यासाठी असो. शेगडी व रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या, घराबाहेर यावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावे. तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच ओतू नये. भांड्यावर झाकण घालून आच बंद करावी. विजेच्या आगीवरही प्रवाह तोडल्याशिवाय पाणी टाकू नये. धूर भरला तर उभ्याने न पळता जमिनीशी वाकून बाहेर पडावे.

दुसरा धोका आमच्या वडिलांच्या काळी नव्हता. पोलिसाचा गणवेश घातलेला मनुष्य चित्रध्वनीवर दिसतो. तुमच्या नावे आलेल्या पुडक्यात अमली पदार्थ सापडले, तुम्हांस ‘डिजिटल अरेस्ट’ केले आहे, जागचे हलू नका, असे तो दरडावतो आणि आयुष्याची पुंजी दुसऱ्या खात्यात वळवून घेतो. सुशिक्षित माणसे, निवृत्त अधिकारी, वृद्ध दांपत्ये या जाळ्यात सापडली आहेत. अशी अटक कोणत्याही भारतीय कायद्यात नाही. कोणताही पोलीस वा न्यायाधीश दूरध्वनीवरून पैसे मागत नाही. या ठकांची एक आज्ञा मात्र विचार करण्याजोगी आहे. ते पहिल्यांदाच बजावतात, ‘हे कोणास सांगू नका.’ ठकास पोलिसाचे भय वाटत नाही, शेजाऱ्याचे वाटते! शेजारी आत आला, ‘काका, काय झाले?’ एवढे त्याने विचारले, तर सारे कपट कोसळते. म्हणून ज्या घरी वृद्ध एकटे आहेत तेथे दिवसातून एकदा कोणी तरी डोकावावे. आणि फसवणूक झालीच तर लाजून न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम वाटेत अडण्याचा संभव अधिक.

उरला प्रश्न बातमीच्या नियमांचा. प्रत्येक आळीने, व्यापारी संघाने व गृहसंस्थेने पुढील गोष्टी ठरवून घ्याव्यात अशी आमची सूचना आहे. पहिली गोष्ट, ‘मी पाहिले’ आणि ‘मी ऐकले’ यांत भेद करावा. ज्याने पाहिले त्यानेच आपल्या नावाने, स्थळ व वेळ देऊन लिहावे. दुसरी, संकटाची बातमी प्रथम ११२ वर द्यावी आणि मग गटावर. आधी गटावर व मग कोठेच नाही, अशी आजची रीत आहे. तिसरी, संशयावरून कोणाचेही छायाचित्र फिरवू नये. चोरीचे चित्रण हाती असेल तर ते पोलिसांस द्यावे. एखाद्या पोराच्या हातून दोनशे रुपयांची चूक घडली म्हणून त्याचे तोंड जन्मभर बाजारात टांगणे हा न्याय नव्हे. चौथी, बातमी खोटी ठरली तर ज्या आवाजाने ती सांगितली त्याच आवाजाने ती मागे घ्यावी. पाचवी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आळीच्या गटात आज फक्त घरमालक असतात. रात्री जागणारा पहारेकरी, पहाटे रस्ता झाडणारी बाई, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, भाडेकरू, कोपऱ्यावरील भाजीवाला, यांस त्यात स्थान नाही. वास्तविक आळी त्यांच्याहून अधिक कोण पाहतो? ज्यांच्याविषयी बोलतो त्यांच्याशी बोलू लागलो, तर निम्मे संशय तेथेच विरतील.

१ जुलै २०२४ पासून, म्हणजे राईनपाड्याच्या घटनेस बरोबर सहा वर्षे झाली त्या दिवसापासून, भारतीय न्याय संहिता अमलात आली. जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच वा अधिक जणांनी मिळून खून केल्यास त्यांतील प्रत्येकास मृत्युदंड वा जन्मठेप, अशी तरतूद तीत आहे. आम्ही तिचे स्वागत करतो. परंतु कायदा येतो तो प्रेत पडल्यानंतर. शेजारधर्म त्याआधी येऊ शकतो. राईनपाड्याच्याच दिवशी मालेगावात अशाच संशयावरून एका कुटुंबास जमावाने गाठले होते. तेथे रहिवाशांनी त्यांस आसरा दिला, पोलीस पोहोचले, आणि ते कुटुंब लहान मुलासह वाचले. दोन्ही ठिकाणी बातमी एकच होती, भीती एकच होती, जमावही तसाच होता. एके ठिकाणी कोणी तरी दार उघडले, एवढाच काय तो फरक.

तेव्हा आमच्या वाचकांनी आज सायंकाळी दोनच कामे करावीत. आपल्या जिन्यावरील खोके हलवावेत. आणि ज्या शेजाऱ्याचे नाव आपणांस अजून ठाऊक नाही त्याचे नाव विचारून यावे. आळीच्या रक्षणास आरंभ यानेच व्हावयाचा आहे.